विष्णूचा रंग

डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरात लेकीकडे आल्यावर पहिल्या आठवड्यातच रविंद्रबाबांनी घरातल्या प्रत्येक दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. दारं झाली, मग जेवणाचं टेबल, जिन्याचा कठडा, स्वयंपाकघरातली कपाटं. शेवटी ते योगिनीला म्हणाले, "ह्या घरात लाकूड नाय गो. सगळो दाबलेलो भुसो."

"बाबा, इथे सगळ्यांकडे असंच असतं."

"आसात," असं म्हणून ते खिडकीपाशी जाऊन बसले. तिथून समोरची सारख्या तोंडवळ्याची घरं, चाकं असलेले तीन रंगांचे कचऱ्याचे डबे आणि सतत पडू की नको अशा विचारात असलेला पाऊस दिसायचा.

त्यांचं अख्खं आयुष्य सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडावर रंग चढवण्यात गेलं होतं. लग्नातले पाट, पाळणे, लाकडी फळं, देव. पांगाऱ्याचं लाकूड कातून आलं की विजयालक्ष्मी, म्हणजे योगिनीची आई, त्यावर चिंचोक्याच्या खळीचे थर द्यायची आणि घोटून घोटून ते काचेसारखं करायची. मग ते रविंद्रबाबांच्या पुढ्यात यायचं. चव्वेचाळीस वर्षं हा क्रम कधी मोडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर बाबा दोन-तीनदा कामाला बसले, समोरच्या कोऱ्या लाकडाकडे बघत राहिले आणि उठले. विचारलं की म्हणायचे, डोळ्यांनी दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर नजर चांगली असल्याचं सांगितलं होतं.

एकुलत्या एक योगिनीनं शेवटी त्यांना तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आणलं. ती वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात होती. रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्यांना जो निसरडा थर देतात, तो नीट बसला की नाही हे पाहण्याचं तिचं काम. नवरा संकेत रोज सकाळी सातला ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला निघायचा. दिवसभर बाबा एकटेच. आपण त्यांना इथे आणून त्यांचं एकटेपण फक्त एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत हलवलं, असं योगिनीला संध्याकाळी परतताना वाटायचं.

शेजारी ब्रेंडन टियर्नी राहायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, खांद्यातून थोडे वाकलेले. तरुणपणी जहाजावर इंजिनाच्या कामाला होते आणि नंतर निवृत्तीपर्यंत बसच्या गॅरेजमध्ये. कुंपणावरून ते रोज बाबांना "ग्रँड डे!" म्हणून हाक घालायचे, मग आभाळ कितीही फाटलेलं असो. बाबांनी इथे उचललेला पहिला इंग्रजी शब्द "ग्रँड" हाच होता.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ब्रेंडन दारात येऊन उभे राहिले. हातातली टोपी चुरगाळत होते.

"योगिनी, तुझे वडील देवाच्या मूर्ती रंगवतात असं तू म्हणाली होतीस ना? माझ्याकडे एक आहे. माझ्या बायकोची. जरा बिघडलीय. देव बहुधा तुमचाच असावा."

ब्रेंडनची बायको सुकर्ती बालीची होती, हे योगिनीला माहीत होतं. ती गेली तेव्हा योगिनी आणि संकेत नुकतेच या घरात आले होते. ओळख जेमतेम वाटीभर साखरेपुरती झाली होती.

योगिनी आणि बाबा ब्रेंडनच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले. वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात आणि ज्यात लोक टॉवेल-चादरी उबदार ठेवतात. ब्रेंडननी ते उघडलं आणि टॉवेलांच्या मधून एक गुंडाळी बाहेर काढून पलंगावर ठेवली.

टॉवेल उलगडल्यावर बाबा एक पाऊल पुढे झाले.

हातभर उंचीचा गरुड होता तो. पण असा गरुड त्यांनी कधी पाहिला नव्हता. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, चोच उघडी, चोचीत सुळे, अंग तांबडंलाल, पिसांच्या कडांना सोन्याचा वर्ख. त्याच्या खांद्यावर चार हातांचा विष्णू बसलेला, डोक्यावर उंच निमुळता मुकुट, चेहरा अगदी शांत. गरुडाचा एक पंख निखळून बाजूला पडला होता. सगळ्या अंगावर रंगाचे पोपडे उठले होते. विष्णूचा देह काळपट होता आणि छातीवर, डाव्या हातावर सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या.

"फेब्रुवारीत माळ्यावरचा पाइप फुटला," ब्रेंडन म्हणाले. "युअर मॅन जिन्याच्या वरच उभा होता. सगळं पाणी त्याच्यावर. मी पुसलं आणि वाळावा म्हणून इथे ठेवला." आयरिश लोक नाव न घेता कुणाबद्दलही बोलताना 'युअर मॅन' म्हणतात. ब्रेंडनच्या घरात तो मान गरुडाचा होता.

बाबांनी निखळलेला पंख उचलला. मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला, मग खिडकीच्या उजेडात धरला. आत पिवळं लाकूड दिसत होतं.

"योगिनी," त्यांचा आवाज बदलला होता. "हो फणस आसा."

"काय?"

"फणसाचां लाकूड गो! आमच्या देवळाचे खांब खंयचे? ह्येचेच."

योगिनीनं ब्रेंडनना सांगितलं. ब्रेंडन म्हणाले, "असेल. तिच्या वडिलांनी कोरलाय. ती माझ्याबरोबर इकडे यायला निघाली तेव्हा म्हाताऱ्यानं तो तिच्या हातात दिला. माझ्याशी मात्र चकार शब्द बोलला नाही."

बाबांनी तेवढ्यात हॉट प्रेसमध्ये हात घालून पाहिला होता. "तेका सांग, ओल्या लाकडाक असा भट्टीत घालूक नाय. पाण्यान जेवढो बिघडलो नाय, तेवढो ह्या उबेन बिघडलो."

योगिनीनं ते जरा सौम्य करून सांगितलं. ब्रेंडन ओशाळले. मग हळूच त्यांनी खरी गोष्ट काढली. मेच्या पहिल्या रविवारी सुकर्तीला जाऊन तीन वर्षं होणार होती. चर्चमध्ये तिच्या नावानं प्रार्थना होती. मुलगी पुतू पोर्टलीशहून येणार होती. तिथल्या हॉस्पिटलात ती एक्स-रे विभागात होती. पाइप फुटल्याचं त्यांनी तिला कळू दिलं नव्हतं.

"तिची आई रोज सकाळी याच्यापुढे फुलं आणि चार दाणे भात ठेवायची. आमच्या बागेतली डॅफोडिल्स सगळी यालाच. मला ते पुढे जमलं नाही. निदान हा तरी नीट दिसावा. पुतू यायच्या आत अगदी नव्यासारखा करता येईल का?"

बाबांनी निखळलेला पंख गरुडाच्या अंगाशी लावून पाहिला. योगिनीला वाटलं, आता डोळ्यांचं कारण सांगतील.

"करतंय म्हणून सांग," ते म्हणाले.

योगिनी घाईघाईनं "चहा ठेवते" म्हणून खाली निघून गेली, परक्याच्या घरी आहोत हे विसरून.

ब्रेंडनच्या मागच्या अंगणात एक शेड होती. तिथे पहिले दहा दिवस बाबांनी मूर्तीला जवळजवळ काहीच केलं नाही. ती सावलीत ठेवली, रोज थोडी फिरवली आणि शेजारी बसून राहिले. उठलेल्या पोपड्यांखाली सरसाचा एकेक थेंब सोडून ते कागदाआडून बोटानं दाबायचे. ब्रेंडननी निखळलेल्या पंखासाठी नवी खुंटी तासून दिली, इतकी नेमकी की पंख नुसता सरकवला तरी बसला. बाबांनी ती खुंटी दोनदा काढून बघितली आणि "ग्रँड" म्हणाले.

भाषेची अडचण दोघांनाही फारशी जाणवली नाही. एकदा योगिनी कामावरून लवकर आली तर शेडमध्ये ब्रेंडन जहाजातल्या कुठल्या तरी वादळाबद्दल इंग्रजीत सांगत होते आणि बाबा मालवणीत विजयालक्ष्मीच्या हाताच्या गुणाबद्दल. दोघांचे चहाचे मग गार झाले होते. तिला पाहून दोघंही एकदम गप्प झाले, जणू ती त्यांच्यात मधे आली होती.

चिंचोके मिळणं हे मोठंच काम झालं. दुकानातली चिंच बिनबियांची. शेवटी एका आशियाई दुकानात गोड चिंचेच्या शेंगा मिळाल्या आणि योगिनी, संकेत आठवडाभर चिंच खात राहिले. बाबांनी चिंचोके भाजले, सोलले, वाटून शिजवले. पहिली खळ गुठळ्यांची झाली. त्यांनी ती सिंकमध्ये ओतली आणि तसेच उभे राहिले.

"ह्यां काम तिचां," ते म्हणाले. "मी कधी बघूक सुद्धा नाय, ती कसां करता तां."

दुसरी खळ जमली. जिथे लाकूड उघडं पडलं होतं तिथे त्यांनी ती भरली, घोटली. जुन्या रंगावर लाखेचा पातळ थर दिला, म्हणजे तो आणखी सुटू नये. छातीवरचा आणि डाव्या हातावरचा काळा रंग मात्र पार सैल झाला होता. तो त्यांनी पातळ पातीनं खरवडून काढला. खाली पांढरी जमीन, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, निघाली. गरुडाच्या तांबड्याला तांबडा, सोन्याला सोनेरी लावून झालं.

मग प्रार्थनेच्या आदल्या शनिवारी त्यांनी शिंपल्यात निळा रंग कालवला.

योगिनी शेडच्या दारात उभी होती. "बाबा, निळा?"

"मग? विष्णू खंयच्या रंगाचो असता?"

"पण हा काळा होता ना?"

"धुरान काळो झालो. इतकी वर्षां उदबत्ती. आमच्या देवळातले देव झाले नायत?"

"एकदा पुतूला फोटो पाठवून विचारूया का?"

बाबांनी मान वर केली. "विष्णूचो रंग माका कोणाक विचारूक व्हयो?"

योगिनीनं ब्रेंडनना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, पुतूला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे, फोटो नको. आणि निळा तर फारच सुंदर दिसेल. योगिनीच्या मनात काहीतरी खटकलं होतं. पण तेवढ्यात बाबांनी ब्रश बुडवला आणि विष्णूच्या दंडावरून पहिली ओळ ओढली, एका श्वासात, न थरथरता. दोन वर्षांनी. ते गुणगुणायला लागले, काम मनासारखं चाललं की गुणगुणायचे तसं. योगिनीनं तोंड उघडलंच नाही. नंतर तिला स्वतःचा राग आला तो या क्षणाचा.

रविवारी प्रार्थनेनंतर ब्रेंडनकडे जेवण होतं. थंड हॅम, बटाटे, कोबीचं सॅलड आणि योगिनीनं केलेला मसालेभात. पुतू तिशीतली, चेहऱ्याची ठेवण आईची, त्यावर वडिलांकडून आलेले तपकिरी ठिपके. ती बोलायची मात्र पक्क्या डब्लिनकरासारखी. बाबांशी तिनं दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. बाबांनी नवा शर्ट घातला होता.

"आता वर ये," ब्रेंडन म्हणाले. जिन्याच्या वरच्या टोकाशी गरुड जागेवर उभा होता, दोन्ही पंख पसरून. त्याच्या खांद्यावर आकाशी निळा विष्णू.

पुतू तीन पायऱ्या खालीच थांबली.

"तो निळा का आहे?"

"पाइप फुटला होता गं, मी तुला सांगितलं नाही," ब्रेंडन भराभर म्हणाले. "सगळं खराब झालं होतं. रवीनं महिनाभर खपून..."

"डॅड, तो निळा का आहे?"

"निळाच असतो ना? यांच्या देशात..."

"तो काळा आहे. पहिल्यापासून काळा आहे. आमच्याकडे विस्नु काळाच असतो. इतकी वर्षं रोज तू त्याच्या शेजारून ये-जा केलीस."

"मला वाटलं धुरानं..."

"दिव्याच्या काजळीचा रंग होता तो. फिकट झाला की आई स्वतः लावायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. मी बघत बसायचे." ती वळली, जिना उतरली आणि मागच्या अंगणात निघून गेली.

ब्रेंडन कठड्याला धरून उभे राहिले. बाबांनी योगिनीकडे पाहिलं. "काय म्हणता ती?"

योगिनीनं पटकन म्हटलं, "तिला आईची आठवण आली, बाबा."

"खोटां सांगू नको. माका इंग्लिश येना नाय, तोंडां वाचूक येतत. रंग चुकलो मा?"

तिनं सगळं सांगितलं. काजळीचं, टेबलाचं, सगळं. बाबा ऐकताना विष्णूकडे बघत होते. मग ते खाली उतरले. गुडघ्यांमुळे एकेक पायरी घेत. योगिनी मागोमाग गेली.

पुतू शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. बाबा तिच्यासमोर काही अंतरावर थांबले.

"माय मिस्टेक," त्यांनी सुरुवात केली. तेवढंच येत होतं. मग ते योगिनीकडे वळले. "आता मी सांगतंय तसां सांग. कमी नको, जास्त नको. तिका सांग, माका माझ्या देवाचो रंग माहीत, म्हणून हिच्या आयशीच्या देवाचो मी कोणाक विचारूक नाय. माझी लेक म्हणा होती विचारूया. मी ऐकूक नाय."

योगिनीनं सांगितलं. पुतू खाली बघत होती.

"निळो रंग पाण्यान सुटतलो. खाली लाखेचो थर आसा. तेच्याखाली तिच्या आयशीचो काळो तसोच आसा. पण," बाबा थांबले, "छातीर आणि डाव्या हातार मी तो खरवडून काढलंय. तो गेलो. तो माका परत देऊक जमाचो नाय. ह्यां पण सांग."

हे शेवटचंही योगिनीनं सांगितलं. ते बाबांनी सांगायची काही गरज नव्हती. निळ्याखाली काय होतं नि काय नव्हतं, कुणाला कळणार होतं?

पुतूनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आत्ता काढता येईल? निळा?"

मूर्ती शेडमध्ये आली. बाबांनी कोमट पाणी मागितलं, कापसाचे बोळे केले, नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. एक बोळा विष्णूच्या उजव्या दंडावर ठेवला, थोडा वेळ तसाच धरला आणि उचलला. कापूस निळा झाला होता. दंडावर टिचभर काळं दिसत होतं, लाखेखाली ओल्या दगडासारखं चमकणारं.

पुतू स्टूल ओढून जवळ बसली. बाबा पुसत गेले. पाठ, मान, कपाळ, बंद ओठ. तासाभरानं विष्णू पुन्हा काळा झाला. छातीवर आणि डाव्या हातावर मात्र पांढरे डाग उघडे पडले, भाजून बऱ्या झालेल्या कातडीसारखे. पुतू त्या डागांकडे बघत राहिली.

"त्यांना सांग," ती योगिनीला म्हणाली, "मला अजून राग आहे."

"आसू दी," बाबा म्हणाले. "येवकच व्हयो."

पण पुढच्या शनिवारी ती पोर्टलीशहून सकाळीच गाडी घेऊन आली. बरोबर खोबरेल तेलाची बाटली आणि एक जुनी पांढरी बशी होती. आई दिवा लावून त्यावर बशी उपडी धरायची, बशीला जमलेली काजळी खरवडून तिचा रंग करायची, एवढं तिला आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं. तिनं हातांनी करून दाखवलं, तसे बाबा हसले. त्या घरात त्यांना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं.

"काजळ!" ते म्हणाले. "योगिनी ल्हान आसताना तिची आवस असांच काजळ धरी. तिका सांग, ह्यां माका येता."

ब्रेंडनच्या स्वयंपाकघरात टेबलावर चार दिवे लागले. चारांवर चार बश्या, चमच्यांच्या आधारानं तिरक्या ठेवलेल्या. पाच मिनिटांत छताला लावलेला धुराचा भोंगा कानठळ्या बसतील असा ओरडायला लागला. ब्रेंडन खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत सुटले, पुतूनं सगळ्या खिडक्या उघडल्या, तर वाऱ्यानं दोन दिवे विझले. समोरच्या घरातली बाई आग लागली की काय म्हणून रस्ता ओलांडून आली. भोंगा बंद झाला तेव्हा पुतू टेबलाला धरून हसत होती आणि तिच्या गालावर काजळीचं बोट उमटलं होतं.

दोन तासांनी चमचाभर काजळ जमलं. बाबांनी ते सरसात घोटलं, बराच वेळ, आणि शिंपल्यात काढून पुतूपुढे ठेवलं. वर आपला सर्वांत मऊ ब्रश ठेवला.

"मी? नाही. मला येत नाही. तुम्हीच लावा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. ते पलीकडच्या बाजूला बसले आणि दोन्ही हातांनी मूर्ती पक्की धरली. योगिनीला सांगायला काही उरलंच नाही.

पुतूचा पहिला फटकारा वाकडा गेला. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा गरुडाच्या चोचीकडे बघत होते. तिनं दुसरा ओढला. छाती झाली, मग हात. हाताच्या बोटांपाशी तिनं श्वास रोखून धरला. मधे एकदाच बाबा म्हणाले, "थांब. सुकाक दी," आणि ती भाषांतराची वाट न बघता थांबली.

काम करता करता ती बोलत राहिली. आईच्या गावात विस्नु हा पाण्याचा देव. मुलगी समुद्रापार जाणार म्हणून आजोबांनी तिच्यासाठी हाच देव कोरला, पाण्यानं तिला सांभाळून न्यावं म्हणून. ते ब्रेंडनशी बोलले नाहीत याचं कारण त्यांना राग होता असं ब्रेंडन आयुष्यभर समजत आले. खरं म्हणजे आजोबांना त्या वेळी दाढेच्या दुखण्यानं तोंडच उघडता येत नव्हतं. आईनं ते पुतूला सांगितलं होतं.

ब्रेंडन किटली हातात घेऊन उभेच राहिले. "दाढ?"

"दाढ, डॅड."

"मी चाळीस वर्षं त्या माणसाला घाबरून होतो."

नवा काळा रंग सुकला तेव्हा जुन्यापेक्षा थोडा मंद दिसत होता. तिरप्या उजेडात दोन्हींमधली सीमा कळत होती. पुतूनं विचारलं, ती झाकता येईल का? बाबांनी योगिनीकडून सांगितलं की येईल, वरून लाखेचा हात फिरवला की सगळं एकसारखं दिसेल. काय हवं ते तिनं ठरवावं. पुतूनं मूर्ती खिडकीशी नेली, बऱ्याच बाजूंनी फिरवून पाहिली आणि म्हणाली, राहू दे असंच.

गरुड जिन्यावरच्या आपल्या जागी गेला. त्या दुपारी ब्रेंडन बागेत गेले. डॅफोडिल्सचा मोसम सरला होता. त्यांनी कुंपणालगतचं कसलं तरी पिवळं रानफूल तोडून आणलं, बशीत ठेवलं, आणि आता पुढे काय करायचं असतं ते पुतूला विचारलं.

बाबांचे तीन आठवडे उरले होते. ते बरेचसे शेडमध्येच गेले, कारण धुराच्या दिवशी धावत आलेली समोरची मिसेस क्विल्टी दोनच दिवसांनी एक बुटाचं खोकं घेऊन आली. खोक्यात प्रागचा बाळ येशू होता, प्लास्टरचा, डोक्यावर मुकुट, अंगात पायघोळ झगा. अशी मूर्ती इथे जुन्या घरांतून असतेच. याचं डोकं धडावेगळं झालं होतं आणि झग्याचा रंग जागोजागी उडाला होता. बरोबर तिची थोरली बहीणही होती.

बाबांनी डोकं मानेवर ठेवून पाहिलं, उतरवलं, झग्याचे टवके बोटांनी चाचपले. त्यांना दोन-तीन रंगांचे थर दिसले.

"तिका विचार," ते योगिनीला म्हणाले, "ह्येचो झगो खंयच्या रंगाचो होतो?"

"लाल," मिसेस क्विल्टी म्हणाली.

"हिरवा," तिची बहीण म्हणाली.

"काहीतरीच काय, मॉरीन! ममीनं आणला तेव्हापासून लाल आहे."

"तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?"

मिसेस क्विल्टीनं पर्समधून फोन काढला आणि गॉलवेच्या मावसबहिणीला लावला. मावसबहीण म्हणाली, पांढरा. तिघी एकदमच बोलू लागल्या. ब्रेंडन दारात उभे राहून मजा बघत होते.

बाबांनी कोरडा ब्रश परत डब्यात उभा केला आणि स्टुलावर मागे टेकून बसले.

"ठरू दी तेंचां," ते योगिनीला म्हणाले. "तू चाय ठेव."